श्वासमार्गे नॅनो-औषध : भस्मे नेब्युलायझरमध्ये का घालू नयेत?

भस्मांचे कण नॅनो आकाराचे असतात, तर श्वासरोगात ती नेब्युलायझरमधून का देऊ नयेत, असा प्रश्न काही व्यवसायबंधू करतात. त्याचा विचार येथे करीत आहोत.

श्वासमार्गे औषध देण्याची कल्पना आपणांस नवीन नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, धूमपानविधी सांगितला आहे. आधुनिक इनहेलरचा हेतूही औषध अल्प मात्रेत थेट व्याधिस्थानी पोहोचविणे हाच होय.

येथे कणाचा आकार निर्णायक ठरतो. ५ मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी घशातच अडकतात. १ ते ५ मायक्रॉनचे कण खालच्या श्वासनलिकांपर्यंत जातात. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण बव्हंशी उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. म्हणून नॅनो-कण सुटे न देता १ ते ५ मायक्रॉनच्या तुषारांतून वा चूर्णकणांतून देतात. फुप्फुसात पोहोचल्यावर ते औषध हळूहळू मुक्त करतात.

याचे प्रत्यक्ष उदाहरण म्हणजे लायपोसोममधील अमिकासिन. अमेरिकेत २०१८ साली त्यास मान्यता मिळाली. तीही इतर औषधांना दाद न देणाऱ्या मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्सच्या फुप्फुससंसर्गापुरती. लायपोसोमचे आवरण फुप्फुसात निसर्गतःच असणाऱ्या फॉस्फोलिपिडाचे व कोलेस्टेरॉलचे आहे. तरीही या औषधाच्या माहितीपत्रकात फुप्फुसशोथ, रक्तष्ठीवन, श्वासनलिकासंकोच व मूळ विकाराची वाढ यांविषयी ठळक इशारा छापलेला असतो. दमा व सीओपीडी या शोथजन्य विकारांसाठी नॅनो-कणांवर संशोधन चालू आहे. नित्याच्या चिकित्सेतील इनहेलर मात्र मायक्रॉन आकाराच्या कणांचेच आहेत.

आता भस्मांकडे वळू. रेखापूर्णत्व, वारितरत्व या परीक्षा भस्माची सूक्ष्मता दाखवितात. श्वासमार्गे ते निर्धोक असल्याचे सांगत नाहीत. मुखावाटे घेतलेल्या भस्मावर जाठराग्नीचा संस्कार होतो, अनुपानाचे साहाय्य मिळते. फुप्फुसात अग्नीही नाही, अनुपानही नाही. तेथे न विरघळणारा खनिज कण साचून राहतो व शोथ वाढवितो. सिलिकाची धूळ श्वासातून घेणाऱ्या खाणकामगारांचा विकार आपणांस ठाऊक आहेच. काढे व अर्क यांचीही तीच गत. नेब्युलायझरचे द्रव निर्जंतुक व त्याच मार्गासाठी सिद्ध केलेले असावे लागते.

म्हणून आमचे सांगणे असे : भस्म, क्वाथ वा अर्क नेब्युलायझरमध्ये घालू नये. औषधालय चालविणाऱ्यांनी 'नॅनो' या शब्दावर विसंबून श्वासमार्गाचे कोणतेही उत्पादन विकू नये; त्या मार्गाची मान्यता आधी पाहावी. तमकश्वासाची आपली चिकित्सा चालू असताना रुग्णाचे स्टेरॉइडचे इनहेलर अचानक बंद करू नये. त्यानंतर चूळ भरण्यास मात्र आवर्जून सांगावे. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. द्रव्य उत्तम असले तरी मार्ग चुकल्यास ते अपायच करते, हे आपल्या शास्त्रास नवे नाही.