यतीम मुलीला आसरा द्यायचाय? आधी कागद करा

यतीम मुलीला घरी आणून जेवूखाऊ घातलं की झालं, असं आपल्याकडे बरेच जण समजतात. नियत चांगलीच असते. पण समजा, म्यानमारमधून जीव वाचवून आलेली, आईबाप नसलेली एखादी मुलगी भांडुपच्या सोनापुरात कुणाच्या दारात आली, तर नुसतं ठेवून घेणं तिच्यासाठीच धोक्याचं आहे. उद्या कुणी 'मी तिचा चाचा' म्हणत आला आणि तिला निकाहासाठी कुठेतरी घेऊन गेला, तर आपण कोणत्या हक्काने अडवणार?

म्हणून पहिलं काम म्हणजे 1098 वर फोन. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे पालक नसलेलं मूल सापडलं तर 24 तासांच्या आत कळवावं लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. मूल म्हणजे 18 वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. त्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही. मग बालकल्याण समिती ठरवते, मुलगी कुठे राहील. समितीच्या हुकमाने एखाद्या कुटुंबाकडेही ती सांभाळायला दिली जाते. आपल्या कफालतशी हे जुळतं: मुलगी आपल्या घरात वाढते, बापाचं नाव तिचंच राहतं. यतीमखान्यात ठेवायचं असेल तर याच कायद्याखालची नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा.

कागदाने काय होतं, ते कोल्हापूरजवळच्या वळिवड्याने पाहिलंय. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले. 1943 पासून वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5,000 जण राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. तिथे त्यांच्याच भाषेतल्या शाळा होत्या. जामनगरजवळच्या बालाचडीतली अनाथ मुलंही 1946 मध्ये इथेच आली. युद्धानंतर त्यांना कम्युनिस्ट पोलंडला परत पाठवायचा दबाव आला. तेव्हा जामसाहेब दिग्विजयसिंहजी, छावणीचे पाद्री आणि एक इंग्रज अधिकारी यांनी त्यांचं कायदेशीर पालकत्व घेतलं. पाठवणाऱ्यांचे हात तिथेच बांधले गेले.

आता शाळा. 6 ते 14 वयाच्या मुलीला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायदा 2009 मध्येच आहे. वर्गही वयाप्रमाणे मिळतो. अकरा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायचं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने रोहिंग्या मुलांबाबत सांगितलं की, आधी सरकारी शाळेत अर्ज करा, नाकारलं तर हायकोर्टात या. तेव्हा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी 'नाही'ला कोर्टात किंमत नाही.

खरी गळती आठवीनंतर होते. मोफत शिक्षणाचा हक्क तिथे संपतो. फी, भाडं, क्लास सुरू होतात. रमजानमध्ये दहा जणींना कपडे वाटण्यापेक्षा एकीची नववी ते बारावीची फी उचलणं मला जास्त मोलाचं वाटतं. अठरा झाल्यावर बालगृह सोडावं लागतं, पण कायद्यात 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय आहे. त्यासाठी सतरावं लागताच समितीकडे विचारणा सुरू करा.