सेन्सर बदलला, पण इंजिनची रेस उतरेना



गळीत हंगामात घरची गाडी अडली की सगळेच अडते. म्हणून मला स्वतःला आलेला एक अनुभव येथे सांगत आहे.

माझ्या पेट्रोल व्हॅनचा पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर गेला होता. देवळाली कॅम्पात एका गॅरेजात नवा बसवून घेतला. निघताना रेस जास्त होती. इंजिन थंड असेल, असे समजलो. पण लॅम रोडने विहितगावला आलो तरी ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता काटा १३०० वर! गरम झालेले पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. परत गेलो. मिस्त्री म्हणाला, "अण्णा, थ्रॉटलचा सेन्सरही बदलून टाकू." मी म्हटले, "अरे बाबा, कालपर्यंत थ्रॉटल चांगला होता. मग आज हात कुठे लागला, ते आधी बघ."

सगळी मेख इथेच आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत थंडीच्या सकाळी आपण चोक ओढत होतो. त्याने रेस वाढे. हल्लीच्या गाडीत हे काम कॉम्प्युटर करतो. इंजिन थंड की गरम, हे त्याला तापमानाचा सेन्सर सांगतो. सेन्सर "थंड" म्हणाला की कॉम्प्युटर पेट्रोल आणि रेस दोन्ही वाढवतो. म्हणजे इंजिन तापले तरी चोक ओढलेलाच!

नुसते पेट्रोल जास्त जळते असे नाही. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखाही याच सेन्सरच्या सांगण्यावरून चालू होतो. सेन्सर "थंड" म्हणत राहिला, तर पंखा लागतच नाही. पाणी उकळते आणि हेड गॅस्केट जाते. मग सेन्सरचे काम इंजिन उतरवण्यावर येते.

माझ्या गाडीत काय झाले होते? जुना सेन्सर काढताना पाणी सांडले आणि आत हवा अडकली. नव्या सेन्सरच्या टोकाला पाण्याऐवजी हवा लागत होती. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर गाडीचे तोंड चढावर करून झाकण उघडले, कूलंट भरले आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवले. रेस आपोआप खाली आली. एक पैशाचा नवा भाग लागला नाही. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. वाफेने तोंड भाजते.

अशी वेळ आल्यास या क्रमाने पाहावे :

१. कनेक्टर. तो सैल असेल तर बहुधा इंजिनाचा दिवा लागतो, आणि पुष्कळ गाड्यांत पंखा सारखा फिरत राहतो.

२. अडकलेली हवा. वर सांगितल्याप्रमाणे काढावी.

३. चुकीचा सेन्सर. दिसायला तोच, पण आतला रेझिस्टन्स वेगळा असू शकतो. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर लावावा. इंजिनाचे तापमान बाहेरच्या हवेइतकेच दिसले पाहिजे. तसे नसेल तर सेन्सर किंवा वायर सदोष समजावी.

४. थ्रॉटलचा किंवा हवेच्या दाबाचा सेन्सर बदलला असेल, तर रबरी रिंग आणि हवेचे पाइप तपासावेत. फटीतून जादा हवा आत गेली की पेट्रोल इंजिनाची रेस चढते. केबल ताणलेली नाही ना, पायाखालची मॅट पेडलवर चढलेली नाही ना, हेही पाहावे. काही गाड्यांत काम झाल्यावर स्कॅनरने थ्रॉटलची बंद जागा कॉम्प्युटरला पुन्हा शिकवावी लागते. सगळे ठीक असून रेस चढीच असेल, तर हे राहिले असण्याचा संभव फार.

डिझेल पिकअपची गोष्ट वेगळी. तिथे रेस डिझेलच्या मापावर ठरते, हवेच्या फटीमुळे अशी वाढत नाही. तिथे तापमानाचा आणि ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर आधी पाहावा.

रेस चढलेली गाडी वजनकाट्याच्या रांगेत घालू नये. क्लच सोडताच ती पुढे झेपावते, आणि पुढच्या ट्रॉलीमागे कोणी ना कोणी उभा असतोच.

थोडक्यात, मिस्त्रीला दुसरा सेन्सर आणायला सांगण्याआधी एवढेच विचारावे : शेवटचा हात कुठे लागला होता?