आधी फरशी, मग गाडी

ड्रिफ्टिंगसाठी रेडिओ-कंट्रोलची इलेक्ट्रिक गाडी घ्यायची तर किट कोणतं घ्यावं, एवढ्याच प्रश्नावर लेख हवा असं संपादकांनी सांगितलं आणि त्या निमित्ताने सुरतेच्या कतारगाममध्ये गेलो. हा हिऱ्यांच्या कारखान्यांचा भाग. घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या चाकावर, बसणारे रत्नकलाकार दिवसभर भिंगातून पैलू बघत असतात. खानदेशातून कामासाठी आलेली कितीतरी मराठी घरं सुरतेत आहेत. त्यातल्याच एका घरात, फरशीवर जुनी चादर अंथरून, सुटीच्या दिवशी एक तरुण रत्नकलाकार एक-दशांश मापाची गाडी जोडत बसला होता. मी आत गेलो तेव्हा तो पुढच्या चाकाची टर्नबकल फिरवत होता. या सळईच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे. त्यामुळे काहीही न सोडवता, नुसती जागेवर फिरवली की तिची लांबी वाढते किंवा कमी होते आणि चाकाचा कल बदलतो. अर्धा फेरा, मग डोळा जमिनीलगत आणून पाहणं, मग पुन्हा पाव फेरा. घंटीवरची शिस्त सुटीच्या दिवशीही सुटत नाही.

ड्रिफ्टिंग म्हणजे गाडीची मागची चाकं मुद्दाम घसरवत, तिरकं राहून वळण काढणं. ते रुजलं जपानच्या घाटरस्त्यांवर. केइची त्सुचिया या चालकाने त्याला नाव मिळवून दिलं आणि २००१पासून डी१ ग्रांप्री ही स्पर्धामालिका सुरू झाली. छोट्या गाड्या मागोमाग आल्याच. सुरुवातीला हौशी मंडळी साध्या चारचाकी-ड्राइव्ह गाडीच्या टायरांवर पीव्हीसी पाइपचे तुकडे चढवत. पकड गेली की गाडी घसरायची. पुढे मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरतील अशी दातऱ्यांची जुळणी आली. आणि मग खऱ्या गाडीसारखी फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी रचना आली. आज गंभीरपणे खेळणारे बहुतेक जण हीच वापरतात.

मला या साऱ्यात खिळवून ठेवलं ते जायरोने. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा हा चौकोनी ठोकळा रिमोटचा संदेश घेणारा रिसिव्हर आणि पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, यांच्या मध्ये बसतो. गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे हे तो सतत मोजतो आणि शेपूट बाहेर पडू लागली की त्याच क्षणी पुढची चाकं उलट दिशेला वळवतो. खऱ्या गाडीत चालकाला घसरण कमरेत जाणवते, हात आपोआप फिरतात. इथे चालक दहा-पंधरा फुटांवर उभा, अंगाला काहीच कळत नाही. डोळ्यांनी पाहून बोट हलवेपर्यंत मागच्या चाकांवर चालणारी गाडी गरकन फिरलेली असते. ती उणीव हा ठोकळा भरून काढतो.

पण तो हट्टी आहे. त्याची संवेदनक्षमता, म्हणजे गेन, कमी ठेवला तर गाडी फिरते. जास्त ठेवला तर सरळ जातानाही पुढची चाकं थरथरत राहतात. दिशा उलटी लागली असेल तर तो घसरण सावरण्याऐवजी वाढवतो. त्या तरुणाने मला तपासणी करून दाखवली. गाडी हातात उचलली आणि शेपूट झटकन डावीकडे नेली. नाक उजवीकडे गेलं, पण पुढची चाकं डावीकडे वळली, जणू त्यांना आधीचीच वाट सोडायची नव्हती. मग जायरोचं एक बटण उलटं करून तेच पुन्हा केलं, तर चाकं नाकाबरोबर उजवीकडे गेली. ही गाडी जमिनीवर ठेवली असती तर पहिल्याच वळणात गिरकी घेतली असती. म्हणून माझं ठाम मत असं की पहिल्या खरेदीत चकचकीत अॅल्युमिनिअमचे सुटे भाग घेण्यापेक्षा पैसे चपळ सर्व्हो आणि बऱ्या जायरोवर घालावेत. सर्व्हो मंद असेल तर जायरोचा निर्णय चाकापर्यंत उशिरा पोहोचतो.

आता किटं. फक्त घसरण्याची गंमत हवी असेल तर तामियाची टीटी-०२डी पुरते. ती चारचाकी ड्राइव्हची, शाफ्टवर चालणारी, दणकट गाडी आहे आणि मोटर पेटीतच मिळते. मागच्या चाकांचं ड्रिफ्टिंग शिकायचं असेल तर योकोमोची वायडी-२ मालिका, एमएसटीची आरएमएक्स किंवा थ्रीरेसिंगची सकुरा डी५ ही नावं पुढे येतात. तिन्हींत पुढची चाकं खूप कोनापर्यंत वळतात. मागच्या टायरांना पुढे ढकलण्यापुरती पकड मिळावी म्हणून मोटरचं वजन मागे ठेवण्याची सोय यांत असते. किट म्हणजे बहुधा नुसता सांगाडा, हे मात्र पक्कं लक्षात ठेवावं. मोटर (साधारण साडेदहा किंवा साडेतेरा टर्नची, म्हणजे तारेच्या वेढ्यांची, ब्रशलेस), वेग सांभाळणारा ईएससी, सर्व्हो, जायरो, रिमोट, ७.४ व्होल्टची लिपो बॅटरी, तिचा चार्जर आणि पॉलिकार्बोनेटची बॉडी हे सगळं वेगळं. सांगाड्याच्या किमतीवर भुलून पेटी मागवली तर ती महिनोन्महिने कपाटात पडून राहते.

आणि इथूनच खऱ्या अडचणी सुरू होतात.

पहिली फरशीची. ड्रिफ्टचे टायर कडक प्लॅस्टिकचे असतात, त्यामुळे जमीन बदलली की गाडीही बदलते. घोटलेल्या काँक्रीटवर छान चालणारा टायर कार्पेटवर भलताच वागतो. घरातल्या टाइल्सच्या सांध्यांवर गाडी दचकते. तरुण खेळतो ते इमारतीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये, गाड्या बाहेर गेल्यावर, आणि आधी झाडू मारून. सुरत कापडाचंही शहर आहे. जरीचा किंवा सिंथेटिकचा एखादा धागा अॅक्सलभोवती गुंडाळला तर बेअरिंगपर्यंत जातो आणि चाक जड होतं. प्रत्येक फेरीनंतर तो चाकं काढून धागे चिमट्याने ओढतो.

दुसरी अडचण सोबतीची. एकामागे एक, दारं चिकटवून दोन गाड्या घसरवणं हा या खेळाचा गाभा. त्यासाठी दोघांचे टायर सारखे हवेत. नाहीतर एक गाडी पळते आणि दुसरी मागे राहते. म्हणून कोणतं किट याआधी, जवळपास कोण खेळतं आणि ते कोणते टायर लावतात, हे विचारावं.

तिसरी सर्वांत महागडी. लहान प्रमाणातली चालती मॉडेलं सीमाशुल्काच्या पुस्तकात खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. त्या खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३मध्ये ७०. देशी खेळणी उद्योगाला आधार देण्याचा हेतू मला पटतो. पण अशी किटं इथे बनत नाहीत, आणि अशा तरुण कारागिराच्या पगारातून परदेशी सांगाड्यावर एवढं शुल्क जातं याची मला चिंता वाटते. शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आयात करायचा तर त्याला दूरसंचार खात्याची मान्यता लागते, आणि लिपो बॅटरी विमानाने पाठवायला अनेक विक्रेते राजीच नसतात.

परिणाम असा की पुढचं चाक सांगाड्याला जोडणारा एखादा आर्म खांबावर आपटून मोडला तर तो येईपर्यंत गाडी बंद. म्हणूनच या तरुणाने सुंदर दिसणारं मॉडेल सोडून, ज्याचे आर्म आणि नकल (आर्मच्या टोकाला चाक धरणारा भाग) भारतातल्या दुकानात शिल्लक असतात तेच किट घेतलं. त्याच पार्सलमध्ये त्याने आर्मचे दोन जोड आणि टायरचे दोन संच जादा मागवले होते. अॅल्युमिनिअमचा एकही भाग नव्हता. बॉडीसाठी पैसे उरले नाहीत, म्हणून सध्या गाडी उघड्या सांगाड्यावरच पार्किंगमध्ये फिरते.