पेटी पुन्हां उघडतांना

पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या माथ्यावर जुन्या चादरींत गुंडाळलेली एक बाजाची पेटी असते. घरांतील कोणी तरी लहानपणीं ती शिकलेलें असतें. पुढें परीक्षा, नोकरी, संसार यांच्या रगाड्यांत ती मागें पडते, आणि केस पांढरे झाल्यावर एखाद्या संध्याकाळीं तिची आठवण होते. अशी सोडलेली पेटी पुन्हां हातीं धरणाऱ्या प्रौढ माणसास काय अनुभव येतो व तो तसा कां येतो, हें आज मी सांगणार आहें. मी गवई नव्हे, वादकहि नव्हे, शाळामास्तर होतों. एकदां सपशेल हरलों आणि दुसऱ्या वेळीं थोडासा जिंकलों, एवढाच या विषयांतील माझा अधिकार.

प्रथम पेटीची प्रकृति पाहावी. कित्येक गृहस्थ पेटीच्या दोषांचें खापर स्वतःच्या बोटांवर फोडतात. भाता भरून एकहि पट्टी न दाबतां क्षणभर थांबावें. पेटी आपोआप गुणगुणूं लागली किंवा भाता भराभर उतरला, तर वारा कोठें तरी गळतो आहे असें समजावें. आंतील चामडें कडक झालेलें असतें किंवा कसरीनें खाल्लेलें असतें. पावसाळ्यांत लांकूड फुगून पट्ट्या अडकतात. पेटींतला सूर म्हणजे चौकटींत बसविलेली पितळेची एक पातळ जीभ. तिच्या फटींत धुळीचा एक कण गेला तरी ती मुकी होते. ही जीभ टोंकाशीं खरवडली तर सूर चढतो, मुळाशीं खरवडली तर उतरतो. हें वाचून चाकूनें प्रयोग करणारे लोक मला माहीत आहेत. खरवडलेलें पितळ परत येत नाहीं, म्हणून हें काम कारागिराकडेच सोंपवावें.

पंचेचाळिसाव्या वर्षीं मीं पेटी पहिल्यानें खालीं उतरविली. ज्या नाट्यपदावर विसाव्या वर्षीं हात थांबला होता, तेंच पद वाजवावयास घेतलें. पहिली ओळ कशीबशी निघाली, दुसरींत बोटें एकमेकांत अडकलीं. महिनाभर रोज हाच प्रकार चालला आणि एके दिवशीं चादर पुन्हां गुंडाळली गेली. घरांत कोणी हसलें नाहीं. लाज वाटली ती मलाच. "जमत नाहीं म्हणजे काय? पुन्हां कर," असें जन्मभर मुलांस सांगणाऱ्या माणसाला, आपणांस जमत नाहीं हें चार भिंतींआडहि कबूल करवेना.

या पराभवाचें कारण मला फार उशिरां उमगलें. माझा हात विसाव्या वर्षीं थांबला होता, परंतु कान थांबला नव्हता. मधल्या काळांत त्यानें मैफली ऐकल्या, रेडिओ ऐकला, ध्वनिमुद्रिका ऐकल्या. लहानपणीं पट्टी दाबली कीं गंधार झाला, अशी माझी समजूत. आतां दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गंधार कानांत बसलेला. तो पेटीवर सांपडावा कसा? हें वाद्य मूळ पॅरिसचें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं त्यास आपल्या बैठकीला सोईचें हातभात्याचें रूप दिलें. पण सूर मात्र आपापल्या जागीं खिळलेलेच राहिले. दोन पट्ट्यांच्या मधली जागा पेटीला ठाऊक नाहीं, आणि मींड तिला घेतां येत नाहीं. ज्या नभोवाणीवरून मी आपणांशीं बोलत आहें, तिनेंच १९४० सालीं पेटीला आपले दरवाजे बंद केले होते व ते १९७१ सालीं किलकिले झाले. आक्षेप खोटा नव्हता. शिक्षा मात्र मला जास्त वाटते. याच खिळलेल्या सुरांतून गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनीं रसिकांना तृप्त केलें होतें, तें भात्याचा दाब आणि सुरावरील कण यांच्या बळावर. असो. सांगण्याचा मुद्दा असा कीं, परत येणारा माणूस मुरलेल्या श्रोत्याच्या कानानें आपल्याच शिकाऊ हाताची परीक्षा घेत बसतो. ज्या मुलाला गंधार चुकला हेंच कळत नाहीं, तो मुलगा सुखी. तो वाजवीत राहतो आणि शिकतो.

हातानें सारें विसरलेलें असतें काय? तसें नाहीं. एबिंगहाउस या जर्मन पंडितानें १८८५ सालीं स्मृतीवर ग्रंथ लिहिला. तो निरर्थक अक्षरांच्या मालिका पाठ करी, त्या विसरूं देई आणि मग पुन्हां पाठ करी. आठवत कांहींच नसलें तरी दुसऱ्यांदा वेळ कमी लागे, म्हणजे आंत कांहीं तरी शिल्लक होतें. हाताचें शिकणें तर याहून निराळें आहे. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर नवें कांहींच ध्यानांत न राहणारा एक रोगी होता. त्याला आरशांत पाहून चांदणीची आकृति गिरवावयास दिली असतां तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हें पूर्वीं केलें आहे याची त्याला दाद नव्हती. ब्रेंडा मिल्नर या विदुषीनें १९६२ सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली.

मात्र हात चुकाहि तितक्याच इमानानें जपून ठेवतो. मी लहानपणीं तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांवर बहुतेक काम उरकीत असें. अंगठा खालून घेण्याचा आळस. चाळीस वर्षांनीं गाणें आठवलें नाहीं, पण ही खोड जशीच्या तशी हजर झाली.

तिच्यावर उपाय सांपडला तो योगायोगानें. माझी थोरली बहीण पूर्वीं गात असे, आणि साथीला मी. तिची पट्टी काळी चार; मी शिकलों तो त्याच पट्टींत. निवृत्त झाल्यावर मीं पेटी दुसऱ्यांदा उतरविली तेव्हां ताई सत्तरी ओलांडलेली होती. वयाबरोबर बायकांचा आवाज खालीं येतो, तसा तिचाहि आलेला. काळी चारवर तिनें तोंड उघडलें आणि अंतऱ्याला ती थांबली. "अरे, मला नाहीं रे आतां पोंचत तिथें," एवढेंच म्हणाली. आम्ही उतरत उतरत पांढरी चारवर आलों, आणि तेथें तिचा आवाज स्थिरावला.

आतां गंमत पाहा. काळी चारचें शुद्ध सप्तक म्हणजे चार काळ्या आणि तीन पांढऱ्या पट्ट्या. पांढरी चारचें सप्तक घेतलें तर मध्यम तेवढा काळी पांचवर, बाकी सारे सूर पांढरे. माझ्या हाताला या प्रदेशाची ओळखच नव्हती, त्यामुळें जुन्या खोडीला बसावयास जागा मिळाली नाहीं. अंगठा पहिल्या दिवसापासून नीट शिकला. लय, आघात, भात्याचा अंदाज हें जुनें भांडवल मात्र बरोबर आलें. म्हणून ज्यांना साथीचें बंधन नाहीं, त्यांनींहि परत येतांना आपली जुनी पट्टी कांहीं महिने सोडून पाहावी असें मी सुचवितों.

सरावाचें सांगावयाचें तें थोडें. पंधरा मिनिटें सकाळीं, पंधरा संध्याकाळीं. एका बैठकींतल्या तासापेक्षां हें अधिक मुरतें. सकाळीं बोटें आंखडलेलीं असतात, तीं कोमट पाण्यांत धरावींत. दुखूं लागल्यास थांबावें व दुखणें टिकल्यास वैद्यास दाखवावें. वेदनेला साधना समजणारे लोक पेटी लवकर सोडतात. अलंकार इतके सावकाश वाजवावेत कीं चूक होण्यापूर्वीं ती दिसावी. जें पद आपणांस अतिशय प्रिय आहे तें पहिलें वर्षभर घेऊंच नये. त्याच्याविषयीं आपला कान फार कठोर असतो. भाता ओढून न घेतां थोडा थोडा, अखंड चालवावा. प्रौढ माणूस बोटांच्या चिंतेंत डावा हात विसरतो आणि सूर मधेंच धापा टाकूं लागतो.

ताई आतां दर गुरुवारीं येते. दोन अभंग आमचे बसले आहेत. तिसऱ्याच्या अंतऱ्यांत ती दम घेण्यासाठीं पूर्वींपेक्षां अधिक वेळां थांबते, आणि माझा हात त्या थांबण्याची वाट न पाहतां पुढें निघून जातो. "पेटी पुढें पळाली रे," ती म्हणते. "ताई, तूं पुन्हां म्हण," मी म्हणतों. मागच्या गुरुवारीं ही ओळ आम्ही नऊ वेळां घेतली. नवव्या वेळीं मी थांबलों. पण तेव्हां ती थांबली नाहीं, एका श्वासांत ओळ पार करून समेवर आली आणि हसूं लागली.