किती घसरायचं, हे जमीन ठरवते

पावसाळ्यात काळ्या रानातल्या कच्च्या वाटेवर दोन टनांची एसयूव्ही रुतते, तेव्हा इंजिनाची ताकद कमी पडलेली नसते. कमी पडते ती पकड. कोरड्या डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक ०.८च्या आसपास असतो. गुळगुळीत बर्फावर तो ०.१पर्यंत उतरतो. पकडीची ही मर्यादा ओलांडणारी ताकद चाकाला दिली, तर चाक जागच्या जागी गरगरतं.

फोर-व्हील ड्राइव्हचा पहिला फायदा साध्या हिशेबाने कळतो. ओल्या मातीचा घर्षणांक ०.३ धरा आणि गाडीचं निम्मं वजन मागच्या चाकांवर आहे असं माना. फक्त मागच्या चाकांच्या जोरावर ही गाडी ढोबळमानाने ८-९ अंशांचा चढ चढेल. चारही चाकं ओढू लागली, की १६-१७ अंशांचा. माती तीच आणि टायरही तेच, पण आता गाडीचं सगळं वजन पकडीच्या कामी येतं.

पारंपरिक फोर-बाय-फोरमध्ये चारही चाकांना ताकद पोचवण्याचं काम ट्रान्सफर केस करतो. 'फोर-हाय'मध्ये तो पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडतो. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर तसं होत नाही आणि सगळा ताण गिअर व शाफ्टवर येतो. म्हणून डांबरी रस्ता लागला, की 'टू-हाय'वर, म्हणजे दोनच चाकांच्या ड्राइव्हवर, परतायचं. 'फोर-लो' वेग कमी करून चाकांवरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, साधारण अडीच पट वाढवतो. खड्या चढावर त्याचा उपयोग होतोच, पण उतारावर इंजिनच गाडीला आवरून धरतं, हेही तितकंच मोलाचं.

तरीही एक अडचण उरते. साधा डिफरन्शियल डाव्या-उजव्या चाकांना सारखाच टॉर्क देतो. एक चाक हवेत लटकलं, तर त्याला फिरायला नाममात्र टॉर्क पुरतो. जमिनीवरच्या चाकालाही मग तेवढाच मिळतो आणि गाडी हलत नाही. इथे ट्रॅक्शन कंट्रोल धावून येतो. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर त्याचा वेग मोजत असतो. एखादं चाक इतरांपेक्षा वेगाने फिरू लागलं, की संगणक फक्त त्याच चाकाचा ब्रेक दाबतो. खालून करकर असा आवाज येतो, गरगरणाऱ्या चाकाला विरोध होतो आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला हवा तेवढा टॉर्क पोचतो.

पण हा ब्रेक कधी दाबायचा? वेगवेगळ्या मोडचं खरं विज्ञान या प्रश्नात आहे. लँड रोव्हरने २००४ साली डिस्कव्हरी ३ या गाडीत जमिनीनुसार मोड निवडायची सोय दिली. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एनच्या फोर-बाय-फोर मॉडेलमध्येही गवत-खडी-बर्फ, चिखल आणि वाळू यांसाठी स्वतंत्र मोड आहेत.

बर्फावर चाक गरगरलं, की घर्षणाच्या उष्णतेने पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि उरलीसुरली पकडही जाते. त्यामुळे बर्फाच्या मोडमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तरी ताकद हळूहळू येते आणि घसरण लगेच रोखली जाते. काळ्या मातीची तऱ्हा उलटी. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि चिकट होतं. चिखल टायरच्या नक्षीत भरून बसला, की टायर गुळगुळीत होतो. चाक थोडं फिरू दिलं, तर तो बाहेर फेकला जातो आणि नक्षीच्या कडा पुन्हा जमिनीला भिडतात. म्हणून चिखलाच्या मोडमध्ये घसरणीला बरीच मुभा असते. वाळूत गती टिकवणं महत्त्वाचं. संगणकाने मध्येच ताकद तोडली, तर गाडी थांबते, आणि थांबलेल्या गाडीचं फिरतं चाक स्वतःसाठी खड्डाच खणतं. तिथे हवा कमी करून टायर पसरट करण्याइतका उपयोगी उपाय क्वचितच दुसरा असेल.

मोड कोणताही निवडा, जमिनीत नसलेली पकड तो निर्माण करत नाही. असलेली पुरेपूर वापरतो. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात, त्यामुळे थांबताना फोर-बाय-फोरचा काहीच जास्तीचा फायदा नाही. शिवाय सेन्सरला चाकाखालचं कळतं, पुढच्या डबक्याची खोली कळत नाही. मोड निवडण्याआधी खाली उतरून वाट तपासणं, हे काम अजूनही चालकाचंच आहे.