कवळीतला कोश

डोलवीला एका अंगाला धरमतरची खाडी आणि पोलादाचा कारखाना. दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि डोंगरात ऐन. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, ऐनाची कवळ (पाल्याच्या डहाळ्या) तोडताना फांदीला कधीमधी लहान अंड्याएवढा, टणक, करडा कोश लोंबताना दिसतो. त्याचा देठ डहाळीला कडं घालून घट्ट बसलेला असतो. हा टसर रेशीम पतंगाचा कोश. विदर्भात यालाच कोसा म्हणतात आणि गडचिरोली-भंडाऱ्याकडचा ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या ऐनावर त्याच्या अळ्या वाढवत आला आहे.

घरी हा मोठा रेशीम पतंग वाढवायचा तर सुरुवात अशा स्थानिक कोशापासूनच करावी, बाहेरून अंडी मागवू नयेत. कारण पेब्रिन हा रोग मादीकडून अंड्यांत उतरतो. लुई पाश्चर यांनी 1865 पासून दक्षिण फ्रान्समध्ये तुतीच्या रेशीमकिड्यांत त्याचा माग काढला. अंडी घातल्यावर मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि ती रोगी निघाली तर तिची सगळी अंडी नष्ट करायची, ही त्यांची रीत टसरच्या बीजकेंद्रांत आजही पाळतात.

पावसाळा लागला की पतंग तोंडातून एक विकर सोडतो, कोशाचं टोक मऊ करतो आणि बाहेर येतो. लगेच त्याला लोंबकळायला खरखरीत आधार हवा. गुळगुळीत डब्यात पंख चुरगळतात ते कायमचेच. मादी निघाली तर जाळीच्या टोपलीत घालून ती रात्री पडवीबाहेर टांगावी, आणि दिवे मात्र नक्की मालवावेत. तिचा गंध पिसांसारख्या मिशांनी हेरत रानातला नर येतो. मला या सगळ्या खटाटोपात हीच रात्र सर्वांत मोलाची वाटते. नवरा डोंगरच पाठवतो!

मादी दीडशे-दोनशे अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात. ऐनाच्या ताज्या डहाळ्या पाण्याच्या बाटलीत ठेवाव्यात. बाटलीचं तोंड कापसाने बुजवलं नाही तर अळ्या आत उतरून बुडतात. भोवती बारीक जाळी लावावी, कारण उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिची पिल्लं अळीला आतून पोखरतात. त्या खोलीत डासांची अगरबत्ती किंवा फवारा अजिबात नको. विष्ठा रोज काढावी, नाहीतर आपल्या दमट हवेत बुरशी धरते.

महिना-सव्वा महिन्यात अळी चार वेळा कात टाकते आणि जन्मवेळच्या वजनाच्या हजारो पट होते. बहुतेक पाला ती शेवटच्या टप्प्यात फस्त करते. तेव्हा एक दिवसही हयगय चालत नाही, कारण पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. त्याचे वीतभर पंख, आठवडाभराचं आयुष्य आणि मादीच्या पोटातली अंडी, सारं अळीने खाल्लेल्या ऐनाच्या पानांतून येतं.

पावसाळ्यातल्या पहिल्या कोशांतून काही आठवड्यांतच पतंग निघतात. हिवाळ्याच्या तोंडाशी विणलेले कोश मात्र पुढच्या पावसापर्यंत सुप्त राहतात, आणि कवळतोड नेमकी याच काळात येते. कोश असलेली एखादी फांदी तेवढी तोडायची सोडली, तर राबाला काहीच कमी पडणार नाही.