पडायचंच आहे, तर तयारीने पडू

चिखलाच्या वाटेवर मोटरसायकल पडते. मुरलेला चालवणाराही पडतो, फक्त कमी वेळा आणि हळू. हे एकदा मान्य केलं की गाडीवर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हा हिशेब आपोआप लागतो. इंग्लंडमधल्या दुकानांत चकचकीत सायलेन्सर, रंगीत नटबोल्ट आणि इंजिनाची ताकद वाढवणारी यंत्रं ओळीने मांडलेली असतात. माझं म्हणणं एवढंच, की गाडीतले बदल पळण्यासाठी नव्हे, पडण्यासाठी करावेत. उरलेला वेळ तिच्यातलं पाणी, चिखल आणि मीठ काढण्यात घालवावा.

मी मूळची साताऱ्याची. आता विल्टशर काउंटीत डिव्हायझेसला राहते आणि हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे. गाडी होंडाची, सीआरएफ 250 एल. नंबरप्लेट, आरसे, इंडिकेटर सगळं कायद्याप्रमाणे, त्यामुळे ती रस्त्यावर चालते. पुढचं चाक 21 इंची आणि शॉकॉप लांब पल्ल्याचे, त्यामुळे डांबर संपलं तरी अडत नाही. इथे अशा गाडीला ट्रेल बाईक म्हणतात. वजन 144 किलो आणि सीटची उंची 875 मिलिमीटर. माझी उंची पाच फूट दोन इंच. माझ्या गाडीतले निम्मे बदल या दोन उंचींतल्या भांडणातून आले आहेत.

वाट कुणाची?

आपल्याकडे कच्चा रस्ता दिसला की गाडी घालता येते. इथे तसं चालत नाही. शेतांतून जाणाऱ्या बहुतेक वाटा फक्त चालणाऱ्यांसाठी किंवा घोडेस्वारांसाठी असतात. मोटरसायकल चालते ती ‘बायवे ओपन टू ऑल ट्रॅफिक’ म्हणून नोंदलेल्या वाटांवर आणि काही कच्च्या काउंटी रस्त्यांवर. ऑर्डनन्स सर्व्हेच्या मोठ्या प्रमाणावरच्या नकाशात हे बायवे हिरव्या फुल्यांच्या ओळीने दाखवतात. 2006 साली आलेल्या कायद्याने, नकाशात रीतसर नोंद नसलेल्या असंख्य जुन्या वाटांवरचा मोटारींचा हक्क संपवला. ट्रेल रायडर्स फेलोशिप ही 1970 पासूनची संघटना उरलेल्या वाटांसाठी भांडत असते.

विल्टशरमध्ये असे बायवे भरपूर आहेत. डिव्हायझेसच्या दक्षिणेला सॅलिसबरी प्लेन हे ब्रिटनमधलं सर्वांत मोठं लष्करी सरावाचं मैदान. गोळीबार चालू असेल तेव्हा तिथे लाल निशाण लागतं आणि त्या भागातल्या वाटा बंद होतात. जमीन खडूच्या दगडाची. पाऊस पडला की ती ओल्या साबणासारखी निसरडी होते, आणि मधूनमधून गारगोटीच्या कडा टायर कापायला टपलेल्या असतात.

पडण्यासाठी केलेले बदल

नवशिका सगळ्यात जास्त पडतो तो उभ्या जागी. गाडी थांबते, पाय टेकवायला जावं तर खाली चाकोरी, आणि पाय हवेत. म्हणून मी पहिला खर्च सीटवर केला. गादीकाम करणाऱ्याकडून आतला फोम कापून घेतला आणि पुढचे शॉकॉप वरच्या पकडीत थोडे वर सरकवून गाडीचं नाक किंचित खाली घेतलं. मागच्या शॉकॉपची लिंक बदलून गाडी आणखी बुटकी करता येते, पण मग इंजिनाखालचं अंतर कमी होतं आणि साइड स्टँडही कापून आखूड करावा लागतो. नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडच्या बाजूला कलंडते.

पडल्यावर आधी मोडतात क्लच आणि ब्रेकची लिव्हर. त्यावरचा उपाय काही पेन्समध्ये होतो. नळकामाला वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप हँडलवर गुंडाळायची, तिच्यावर लिव्हरची पकड बसवायची आणि बोल्ट करकचून न आवळता बेताने आवळायचे. चालवताना लिव्हर जागची हलता कामा नये, पण तळहाताचा जोरदार फटका मारला तर फिरली पाहिजे. मग पडल्यावर ती मोडण्याऐवजी वळते आणि परत सरळ करता येते. हँडलच्या दोन्ही टोकांना बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या कमानी बोटंही वाचवतात. या गाडीचा रॅडिएटर डाव्या बाजूला आहे, त्याला जाळीचं पक्कं कवच हवंच. इंजिनाखाली ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याची ढाल बसवली आहे. तिच्या आत चिखल थापून राहतो, म्हणून ती अधूनमधून उतरवून धुवावी लागते.

पडलेली गाडी उचलायची पद्धतही तयारीतच मोडते. इंजिन बंद करायचं, गाडी गिअरमध्ये ठेवायची, पुढचं चाक जमिनीकडे वळवायचं. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं आणि मांड्यांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे रेटायचं. कमरेतून वाकून उचलणाऱ्यांचे एक्स-रे मी कामावर काढते, तेवढे पुरेत.

इंजिनाला मी हात लावला नाही. बदलला तो फक्त पुढचा स्प्रॉकेट, 14 दातांच्या जागी 13 चा. गिअर सात टक्के आखडतात. मोठ्या रस्त्यावर इंजिन जास्त ओरडतं, पण पहिल्या गिअरमध्ये गाडी क्लच न दाबता चालण्याच्या वेगाने दगडांवरून जाते. माझ्यासारखीला हाच फायदा ताकद वाढवण्यापेक्षा मोठा. टायर मात्र खडबडीत नक्षीचे, तरीही रस्त्यासाठी मान्यता असलेले घ्यावे लागतात. वाटेवर हवा कमी करते, रस्त्याला लागताना छोट्या पंपाने पुन्हा भरते. पिशवीत ट्यूब एकच, 21 इंची. अडीअडचणीला ती मागच्या चाकातही बसते, उलट मात्र जमत नाही.

पाणी, चिखल आणि मीठ

देखभालीत पहिला मान एअर फिल्टरचा. कागदी फिल्टर भिजला की गेला, म्हणून मी स्पंजचा बसवला. तो रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाच्या कोमट पाण्यात, आणि पूर्ण वाळल्यावर फिल्टरचं चिकट तेल सगळीकडे मुरवायचं. पिळायचा नाही, फक्त दाबायचा, कारण पिळला तर सांधे उसवतात. पेट्रोलने धुतला तर गोंद सुटतो. कडेला ग्रीसचा पातळ थर दिला की फटीतून धूळ शिरत नाही.

ओढ्यात गाडी बुडून बंद पडली तर स्टार्टर दाबायचा नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग काढायचा, फिल्टरच्या डब्यातलं पाणी सोडायचं आणि मगच इंजिन फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर उडवायचं. ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदलल्याशिवाय घरी निघायचं नाही.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे मागच्या शॉकॉपखालची लिंक. तिच्यातली बारीक रोलरची बेअरिंग कायम चिखलात असतात, आणि धुताना जोराचा फवारा मारला की पाणी सीलच्या आत शिरतं. दर हिवाळ्याआधी मी पिना काढते, जुनं ग्रीस पुसते, रोलर बोटाने फिरवून बघते आणि नवं ग्रीस भरते. पुसलेल्या ग्रीसला तपकिरी छटा दिसली की समजायचं, गंज सुरू झाला.

मिठाचं प्रकरण खास इथलं. थंडीत बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर खडे मीठ टाकतात. चेशरमध्ये विन्सफर्डला त्याची मोठी खाण आहे. हे मीठ स्पोकच्या नटांत, बोल्टच्या आट्यांत आणि वायरींच्या जोडांत जाऊन बसतं. म्हणून घरी आल्याबरोबर साध्या नळीने गार पाण्याने धुवायचं, वाळू द्यायचं आणि गंजरोधक तेलाचा फवारा द्यायचा. इथे एसीएफ-50 लोकप्रिय आहे. ते मुळात विमानांसाठी बनवलेलं. ब्रेकच्या डिस्कवर त्याचा थेंबही पडू द्यायचा नाही. कोकणात खाऱ्या वाऱ्यात गाडी वापरणाऱ्यांनाही हा सल्ला तसाच लागू आहे.

परीक्षा आणि शेजारी

गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी चाचणी. मोटरसायकलसाठी जास्तीत जास्त फी 29.65 पौंड. चाचणी घेणारा लिंक आणि चाकांची बेअरिंग हलवून बघतो, टायरची नक्षी मोजतो (किमान एक मिलिमीटर लागते) आणि सायलेन्सरवरची अक्षरंही वाचतो. त्यावर ‘नॉट फॉर रोड यूज’ असा शिक्का असला की गाडी नापास. काहीजण दिवे काढून टाकतात आणि फक्त दिवसा चालवायची म्हणून गाडी पास करून घेतात. डिसेंबरात इथे चारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे मी दिवे ठेवले आहेत. आणि कोणताही बदल केला की विमा कंपनीला कळवावा लागतो, नाहीतर ऐन वेळी पॉलिसी कामी येत नाही.

कंपनीचा सायलेन्सर जड आहे. तो बदलला तर काही किलो वाचतात, हे खरं. तरी मी तो बदलणार नाही. बायवेच्या कडेला शेतं आहेत, घोडे आहेत, रविवारी दुपारी बागेत बसलेली माणसं आहेत. वाट बंद करायचा प्रस्ताव काउंटीपुढे येतो तेव्हा तक्रारींत गाड्यांचा आवाज असतोच. पीक डिस्ट्रिक्टमधल्या काही नावाजलेल्या वाटा अशाच आदेशांनी मोटारींना बंद झाल्या.

साताऱ्यात माझा भाचा हिरोची एक्सपल्स चालवतो. त्याने परवा विचारलं, मावशी, आधी काय बदलू? मी त्याला क्रम सांगितला: आधी पाय टेकतील अशी सीट, मग हात आणि इंजिन वाचवणारी कवचं, मग टायर, मग स्प्रॉकेट. सायलेन्सर आहे तो राहू दे. आणि यातलं काहीही विकत घेण्याआधी एक रविवार काढून लिंकच्या पिना उघड, जुनं ग्रीस पूस आणि नवं भर. त्याला ग्रीसच्या डब्याएवढाच खर्च आहे.